अण्णांचा अंगठा आणि डबल ट्रॉली

सरकारच्या मते गोरक्षनाथ अण्णांना उजवा अंगठा नव्हता. डावाही नव्हता. दर महिन्याला रेशन दुकानातल्या यंत्रावर ते अंगठा टेकवायचे, यंत्र लाल दिवा लावायचं आणि दुकानदार म्हणायचा, "पुसून टेकवा." अण्णा पायजम्याला पुसून टेकवायचे. "जरा दाबून." दाबून टेकवायचे. "एवढं न्हाई वो, काच फुटंल!" शेवटी लंकाबाई, म्हणजे अण्णांची मंडळी, मागून हात घालून आपला अंगठा लावायच्या आणि यंत्र मुकाट्यानं हिरवं व्हायचं. मग रांगेतलं कोणीतरी हमखास विचारायचं, "अण्णा, तुमी घरातलं हाय का पाव्हणं?"

दोष अंगठ्याचा नव्हता. उभी हयात त्या अंगठ्यानं उसाच्या ट्रॅक्टरचं स्टीअरिंग धरलं होतं आणि त्यात त्याच्या सगळ्या रेषा झिजून गेल्या होत्या. श्रीगोंद्याच्या बाजूला ट्रॅक्टर चालवणारे पुष्कळ. पण अण्णा डबल ट्रॉली मागे घ्यायचे. ज्यानं हे कधी केलं नाही त्याला यातलं मोठेपण कळायचं नाही. एक ट्रॉली जोडलेली असली तर मागे घेताना स्टीअरिंग उलटं फिरवावं लागतं. तिच्यामागे आणखी एक जोडली की उलट्याचं उलटं करावं लागतं, आणि तेसुद्धा वेळेवर. नाहीतर दोन्ही ट्रॉल्या रुसलेल्या जावांसारख्या एकमेकींकडे तोंड फिरवून उभ्या राहतात. भलेभले ड्रायव्हर अशा वेळी खाली उतरून तंबाखू मळायला लागत. अण्णा मात्र कारखान्याच्या यार्डात डबल ट्रॉली अशी मागे घ्यायचे की शेजारच्या बैलगाडीतला बैलसुद्धा रवंथ थांबवायचा नाही.

पुढे गुडघ्यांनी क्लच दाबायला नकार दिला. अण्णा ओट्यावर आले. हात मात्र रिकामे बसेनात. जेवताना ताटसुद्धा ते असं फिरवून घ्यायचे की लंकाबाई म्हणायच्या, "आवं, भाकर हाय ती. हळू मागं घ्या."

त्यांची सून रेश्मा हुशार. तिनं अण्णांच्या मोबाईलमध्ये ट्रॅक्टरचा एक खेळ घालून दिला. अण्णा हरखले. पण थोडं अंतर गेलं की त्या ट्रॅक्टरचं डिझेल संपायचं आणि पडद्यावर पाटी यायची, की पुढे जायचं तर पैसे भरून डिझेल घ्या. अण्णांनी मोबाईल डोळ्यांपासून लांब धरून ती पाटी वाचली आणि सुनेला हाक मारली.

"रेश्मा, ह्यो ट्रॅक्टर खरा हाय का?"

"न्हाई अण्णा, चित्रातला."

"मंग डिझेल खरं कशापायी? चित्रातल्या टाकीत चित्रातलं वतायला सांग त्यांना."

रेश्मानं दुसरा खेळ शोधला. त्यात डिझेल फुकट होतं, पण टायर पंक्चर व्हायचे आणि पंक्चर काढायला पुन्हा पैसे. तिसऱ्यात तर नुसती दारात पोचायची खोटी, की हिरे विकत घ्या म्हणायचा. "ट्रॅक्टरला हिरे?" अण्णा म्हणाले. "नवरी हाय का ती?" अखेर कुठून तरी तिनं असा एक खेळ हुडकला की जो एकदा मोबाईलमध्ये आला तो आला, नंतर काही मागायचा नाही, मध्ये जाहिरात नाही, आर्जव नाही. एक ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या आणि एक शेड. मागे घ्या आणि लावा. लावली की पुढची पायरी. अण्णांना तो खेळ इतका आवडला की ते दिसेल त्याला सांगायला लागले, "लई खानदानी खेळ हाय. हात पसरत न्हाई."

आता अडचण एकच राहिली. सरकारच्या यंत्रासारखं मोबाईलच्या काचेलाही अण्णांचा अंगठा मान्य नव्हता. अंगठा उजवीकडे न्यावा तर ट्रॅक्टर जागचा हलायचा नाही. जोर करावा तर एकदम उडी मारून नाल्यात. सातव्या पायरीवर अण्णा अडकले ते अडकलेच.

एवढ्यावर भागलं असतं तरी अण्णांनी सोसलं असतं. पण त्यांना व्याही होते.

आबासाहेब हे रेश्माचे वडील, राहणार पारनेर तालुक्यात, राळेगणसिद्धीच्या अलीकडे. दूध संस्थेत कारकुनी करून निवृत्त झालेले. बोटं लोण्यासारखी. आयुष्यात त्यांनी साधा बैल हाकला नव्हता. लेकीकडून त्यांना या खेळाचा सुगावा लागला आणि मग दर संध्याकाळी दिवेलागणीला व्हिडिओ कॉल यायचा. पडद्यावर आधी आबासाहेबांचं कपाळ यायचं, मग हळूहळू खाली बाकीचं.

"काय व्याही, कितवी पायरी?"

"सातवी," अण्णा म्हणायचे.

"अजून सातवीच? आम्ही चाळिसावीत आलो. सोपं आहे हो. तुम्ही तर डबल ट्रॉलीवाले! का त्या वेळचं उलटं वऱ्हाड आठवून हात कापतात?"

हे उलटं वऱ्हाड म्हणजे अण्णांच्या काळजातलं कुसळ होतं. पोराच्या लग्नाच्या दिवशी ठरवलेली गाडी आलीच नाही. मग अण्णांनी उसाच्या डबल ट्रॉलीत गाद्या टाकल्या, वऱ्हाड बसवलं आणि स्वतः ट्रॅक्टर हाकत पारनेर गाठलं. मांडवापुढची गल्ली अशी चिंचोळी, की एका अंगाला गटार आणि दुसऱ्या अंगाला आचाऱ्याच्या चुली. आत गेलेला ट्रॅक्टर बाहेर कसा काढणार? म्हणून अण्णांनी तोंडावरच ट्रॅक्टर वळवला आणि दोन्ही ट्रॉल्या मागे घेत घेत, एका चुलीला धक्का न लावता, वऱ्हाड थेट मांडवाच्या दारात उतरवलं. दुसऱ्या कुठल्या गावानं त्यांना खांद्यावर घेतलं असतं. आबासाहेबांनी मात्र तेव्हापासून एकच धरलं, "आमचे व्याही मागून आले." बारशाला म्हणाले, जावळाला म्हणाले, अण्णांच्या मोतीबिंदूच्या वेळी दवाखान्यात डॉक्टरांना म्हणाले. आणि आता हेच आबासाहेब डबल ट्रॉली लावण्यात अण्णांच्या पुढे गेले होते, आणि दसऱ्याला सोनं द्यायला घरी येणार होते.

"या तर खरं," अण्णा म्हणाले. "समोरासमोर बघू."

कॉल बंद झाल्यावर त्यांनी आपला अंगठा उन्हात धरून बराच वेळ पाहिला.

अंगठा सुधारायचा, ही बातमी वस्तीवर पसरायला वेळ लागला नाही. शेजारच्या मालनबाई म्हणाल्या, "रोज दुधाची साय चोळा, अण्णा. लोण्यावानी व्हतंय." अण्णांनी साय चोळली आणि अंगठा वाळवत खाटेवर पडले. डोळा लागला. जाग आली तेव्हा मांजर अंगठा चाटत होतं आणि लंकाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "चाटू द्या," त्या म्हणाल्या. "त्याला तरी वळख पटली." मग कोणी टाचा घासायच्या वजरीनं घासायला सांगितलं, घासून अंगठा सुजला. स्टँडवरच्या सलूनवाल्या अजिनाथानं सांगितलं की दोष अंगठ्यात नाही, काचेत आहे. आणि त्याच्या साडूचं मोबाईलचं दुकान आहे. साडूनं काच बदलली. नवी काच अशी जाड, की आता तिला लंकाबाईंचाही अंगठा कळेना.

अखेर रेश्माच म्हणाली, "अण्णा, खेळायचं हँडल मिळतं. मोबाईलला जोडायचं. दोन अंगाला दोन दांडे असतात. काचेला हात लावायचं कामच न्हाई."

"दांडा हाय?" अण्णा सरसावून बसले. "लिव्हरसारखा?"

"बारका हाय, पण तसाच."

"मंग एवढं दिवस माझ्या अंगठ्याला साय कशापायी चोळली?"

हँडल मागवलं. मागवताना फोननंबर दिला पोराचा, म्हणजे ओमचा; कारण घरात आकडे नीट तोच लक्षात ठेवतो. ओम सुप्याच्या कंपनीत कामाला. तिथं आत शिरताना फोन बाहेर पेटीत ठेवावा लागतो. त्यामुळे कुरिअरवाला कालव्याच्या पाटाच्या कडेला मोटारसायकल उभी करून "ओटीपी सांगा" म्हणाला, तेव्हा ओटीपी सुप्यात पेटीत बंद होता.

"आवं, मीच गोरक्षनाथ," अण्णा म्हणाले.

"असाल हो काका. ओटीपी?"

"आधार कार्ड दावू का?"

"आधार नको. ओटीपी."

"अंगठा देऊ?"

हे शब्द तोंडातून गेले आणि अण्णा स्वतःच ओशाळले. खोकं आल्या वाटेनं परत गेलं. पुन्हा आलं तेव्हा कुरिअरवाल्यानं वस्तीचा चिखल बघून ते अजिनाथाच्या सलूनमध्ये ठेवलं. अजिनाथानं ते उघडलं. उघडलं ते फक्त मोडलं-बिडलं नाही ना हे बघायला, असं तो अजूनही शपथेवर सांगतो. अण्णा पोचले तेव्हा अर्धी दाढी झालेलं एक गिऱ्हाईक खुर्चीत बसून हँडलचे दांडे हलवत होतं आणि चौघं त्याला "डावीकडं! डावीकडं!" म्हणत होते. अण्णांनी ते गिऱ्हाइकाच्या हातातून काढून घेतलं, त्यावरचा साबणाचा फेस उपरण्यानं पुसला आणि तडक घरी आले.

त्या संध्याकाळी अण्णांनी दांड्यावर अंगठा ठेवला आणि दांडा हलला. नुसता दांडा हलला नाही. ट्रॅक्टर हलला, पहिली ट्रॉली हलली, तिच्यामागे दुसरी हलली. जेवण होईस्तोवर अण्णा बाराव्या पायरीवर होते. हँडल त्यांनी जुन्या फेट्याच्या तुकड्यात गुंडाळून उशाशी ठेवलं. नातेवाइकांचे फोन आले की ते आता तब्येत सांगायच्या आधी हँडलचं सांगायचे, "हाताला असं बसतंय, जणू माप घेऊन केलंय."

आणि आली खंडेनवमी.

त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं धुवायची, त्यांना तेलाचं बोट लावायचं, पाटावर मांडून हळदकुंकू, झेंडू, अक्षता वाहायच्या. आणि एकदा पूजा झाली, की दसऱ्याच्या दिवशी पूजा उतरेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. त्या दिवशी हत्यार विश्रांती घेतं. विळा, कुऱ्हाड, पाना, जॅक असं सगळं मांडून झालं आणि अण्णा आत गेले ते फेट्याचा तुकडा घेऊन आले.

"आवं, ते खेळणं हाय," लंकाबाई म्हणाल्या.

"ज्याच्यावर हात चालतो ते हत्यार," अण्णा म्हणाले. "विळ्याला पूजा आन याला न्हाई? मनात काय म्हणंल ते?"

"पाणी तरी लावू नका त्याला."

"येडा हाय का मी? विजेचं हाय."

पाणी लावलं नाहीच. अण्णांनी हँडलला तेल लावलं. जन्मभर ज्या माणसानं ग्रीस भरलं, त्याला हलणारा सांधा कोरडा ठेवणं जमण्यातलं नव्हतं. दोन्ही दांड्यांच्या बुडाशी शेंगदाण्याच्या तेलाचा थेंब सोडला, वर हळद, वर कुंकू आणि वर, आबासाहेब येणार हे लक्षात घेऊन, जरा सढळ हातानं अक्षता. पाटावर विळ्या-कुऱ्हाडीत ते हँडल असं शोभलं की मालनबाई मुद्दाम बघायला आल्या आणि नकळत नमस्कार करून गेल्या.

दसऱ्याला पाहुणे आले. आबासाहेब स्वतः चारचाकी चालवत आले. वस्तीची वाट दोन्हीकडून उसानं दाबलेली, आणि अंगणभर सोयाबीन वाळत घातलेलं. त्यांनी गाडी सोयाबीनच्या कडेला नाक टेकवून उभी केली. मागून विहीणबाई मुक्ताबाई उतरल्या, डोक्यावरचा पदर सावरत. या बाई कमी बोलायच्या. नवरा इतकं बोलत असताना दुसरं काय करणार?

आपट्याची पानं दिली-घेतली, पुरणपोळी झाली, पान झालं. मग आबासाहेबांनी ओट्यावर बैठक मारली आणि म्हणाले, "हं, काढा तुमचं अवजार."

अण्णांनी पूजा उतरवली, हँडल कपाळाला लावलं, मोबाईल जोडला. मालनबाईंच्या घरची माणसंही येऊन बसली. अण्णांनी टोपी नीट केली आणि दांडा उजवीकडे घेतला.

ट्रॅक्टर डावीकडे गेला.

अण्णांनी पुन्हा उजवीकडे रेटला. ट्रॅक्टर आधी थांबला आणि मग डावीकडे गेला. उजवीकडे जायचंच त्यानं सोडून दिलं होतं. अण्णा मोठे हिकमती. त्यांनी विचार केला, उजवीकडे जाता येत नसेल तर डावीकडूनच पुरा वळसा घालून उजवीकडे पोचावं. ट्रॅक्टर गोल फिरला. ट्रॉल्या त्याच्यामागून गोल फिरल्या. तिसऱ्या वळशाला मागची ट्रॉली ट्रॅक्टरच्याच पुढ्यात आली आणि सगळी वरात चित्रातल्या नाल्यात गेली.

"वा!" आबासाहेब मांडीवर थाप मारून म्हणाले. "तेव्हा वऱ्हाड उलटं आणलं, आता रिंगणात नेलं!"

माणसं हसली. रेश्मानं तोंडाला पदर लावला. माहेरचं ऐकून हसावं की सासरचं बघून गप्प बसावं, हे तिला ठरवता येईना. अण्णांनी हँडलकडे पाहिलं. त्यांना अंगठ्याचा कधी एवढा राग आला नव्हता. यंत्रांनी नाकारलं ते एक, पण स्वतःच्या ओट्यावर, पूजा केलेल्या हत्यारानं नाकारावं?

"घ्या," त्यांनी ते आबासाहेबांपुढे धरलं. "तुमी दावा."

"मी कशाला? माझं झालंय चाळिसावीपर्यंत."

"हँडल नसंल जमत तर तुमच्या मोबाईलवर दावा. आमाला बघून तरी शिकू द्या."

"चष्मा गाडीत राहिला."

"डोळ्यावर हाय तुमच्या," लंकाबाई म्हणाल्या.

आबासाहेबांनी मोबाईल काढला. आधी म्हणाले, चार्जिंग कमी आहे. मग म्हणाले, इथं रेंज नाही. आणि या खेळाला रेंज लागत नाही हे रेश्मानंच सांगून टाकलं. शेवटी त्यांनी ती लोण्यासारखी बोटं काचेवर ठेवली. ट्रॅक्टर मागे आला, पहिली ट्रॉली एकीकडे गेली, दुसरी दुसरीकडे, आणि दोघी पाठ करून उभ्या राहिल्या.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून मुक्ताबाई हात पुसत बाहेर आल्या आणि पडद्याकडे बघून कळवळून म्हणाल्या, "अहो, चाळिसावी नका काढू! माझी अर्धी लावून ठेवलीय ती!"

सगळ्यांच्या नजरा आबासाहेबांवरून मुक्ताबाईंकडे वळल्या.

"तुमची?" अण्णांनी विचारलं.

मुक्ताबाईंनी जीभ चावली. पण बोलणं आता परत घेता येत नव्हतं. "दूध तापतं तवर खेळते जरा," त्या म्हणाल्या. "हे निसतं कितवी झाली तेवढं विचारतात, आन तुमाला फोन लावतात."

आबासाहेब खिशात काहीतरी शोधू लागले. ते काही सापडलं नाही.

मुक्ताबाईंनी हँडल हातात घेतलं, उलटसुलट केलं. मग बांगडीतली पिन काढली. "शिलाई मशिनीत असंच अडकतं," म्हणत दांड्याच्या बुडातून त्यांनी कुंकवात माखलेला, तेलात फुगलेला तांदळाचा दाणा अलगद बाहेर काढला. अक्षत ती. आबासाहेबांसाठी वाहिलेल्या सढळ अक्षतांतली. पदराच्या टोकानं दांडा पुसून त्यांनी हँडल अण्णांना परत दिलं, आणि खाली बघतच म्हणाल्या, "अण्णा, मगाशी दारातनं बघितलं मी. तुमी ट्रॅक्टरकडं बघता, म्हणूनबी चुकतंय."

"मंग कुठं बघू?"

"मागच्या ट्रॉलीच्या सावलीकडं. तुमीच तर बघत होता."

"मी? कवा?"

"लग्नात. मी ओवाळायचं ताट घेऊन मांडवाच्या दारात उभी होते. सगळे ओरडत होते, चुली, चुली! आन तुमी न ट्रॅक्टर बघत होता, न चुली. निसती मागच्या ट्रॉलीची भुईवरची सावली. ताटातला दिवा इझंल येवढं वारं न्हाई उठलं, अशी ट्रॉली दारात आली. तसंच करते मी. म्हणून तर लागते."

अण्णांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. इतकी वर्षं ज्याचा चेष्टेत पाढा चालला होता, ते कोणीतरी नीट बघून ठेवलं होतं. मग त्यांनी दांड्यावर अंगठा ठेवला, ट्रॅक्टरवरची नजर काढली आणि सावलीवर लावली. दांडा उजवीकडे गेला, डावीकडे गेला, उलट्याचं उलटं झालं. दोन्ही ट्रॉल्या शेडमध्ये शिरल्या त्या सरळ, शेजारीण घरात यावी तशा. मालनबाईंनी टाळी वाजवली. लंकाबाई म्हणाल्या, "ईहीणबाईंनी सांगितलं की लगीच कळलं. मी जलमभर सांगते ते?"

निघायची वेळ झाली तेव्हा आबासाहेब सगळ्यांच्या आधी उठले. गाडीत बसले, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. पुढे सोयाबीन, दोन्हीकडे ऊस, गाडी वळवायला जागा नाही. पाटापर्यंतची सगळी वाट मागेच काढायची.

"गडी लावून सोयाबीन उचलता येईल का?" त्यांनी काच खाली करून विचारलं.

"वाळतंय ते," लंकाबाई म्हणाल्या. "मागं घ्या की. सोपं असतंय म्हणं."

अण्णा उठले. उपरणं खांद्यावर टाकलं, गुडघा सांभाळत गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले आणि हात वर केला. गाडी मागे सरकली. उसात शिरली. बाहेर आली. आतून मुक्ताबाईंचा आवाज आला, "अहो, पुढं काय बघता? सावली बघा!" गाडी पुन्हा उसात शिरली. मालनबाईंची माणसं बांधावर उभी होती, आणि कोणीतरी म्हणालंच, "आले सरळ, पर चालले उलटे!"

अण्णा हसले नाहीत. व्याह्याला हसू नये एवढं त्यांना कळत होतं. ते फक्त गंभीर चेहऱ्यानं हात हलवत मागे मागे चालत राहिले, "येऊ द्या... येऊ द्या... अजून येऊ द्या..." आणि गाडी पाटाच्या रस्त्यावर चढून, वळून, पार दिसेनाशी झाली तरी थोडा वेळ ते तिथंच उभे राहून म्हणत होते, "येऊ द्या."